भाऊंच्या फोटोखालचा निषेध

फ्लेक्सच्या धंद्यात कोरी फाइल कोणी उघडत नाही. वाढदिवसाच्या फाइलवर श्रद्धांजली होते, श्रद्धांजलीच्या फाइलवर दहावीच्या गुणवंतांचं अभिनंदन होतं. मजकूर बदलणं पाच मिनिटांचं काम. खरा जीव जातो तो खालच्या शुभेच्छुकांच्या ओळीत. कोणाचा चेहरा कोणाच्या डावीकडे, कोणाचा किती मोठा, कोण हात जोडून आणि कोण मोबाइल कानाला लावून, यावर भाऊबंदकी होते. वॉर्ड अध्यक्ष हर्षदच्या मेव्हण्याचा फोटो एकदा नखभर लहान झाला, तर तो माणूस दुकानात येऊन रडायचा तेवढा बाकी राहिला होता. म्हणून ओळ एकदा सगळ्यांच्या मनासारखी जमली की तिला कोणी हात लावत नाही. वरचं बदलायचं, खालचं तसंच ठेवायचं.

सपना इंगळेनेही तेच केलं. घाटकोपरच्या भटवाडीत राजेश परबचं फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे ती डिझाइन करायची आणि हाताला चांगली होती. छपाईचं मोठं मशीन झोरामा चालवायचा. तो मिझोरामचा, चाळिशीला टेकलेला, बायको-मुलीसह असल्फ्याला भाड्याच्या खोलीत राहणारा. गिऱ्हाइकं त्याला 'बहादूर' म्हणत. तो नेपाळचा नाही हे सपनाने किती जणांना सांगितलं, पण लोकांना नवं नाव पाठ करायचा कंटाळा. त्याला देवनागरी धड वाचता येत नसे. रंग बरोबर आला का, कडा सरळ कापल्या का, एवढं तो बघायचा आणि कडेने पितळी रिंगा ठोकून फ्लेक्स गुंडाळून ठेवायचा.

त्या ओळीची हकिगत अशी. गेल्या ऑगस्टमध्ये विरोधी पक्षाचा एक पुढारी कुठल्याशा सभेत बरळला, की ईशान्येकडची पोरं हॉटेलात वाढायला ठेवली तर गिऱ्हाइकाला वाटतं चीनमध्येच जेवायला आलो. झालं! सगळा वॉर्ड पेटून उठला. एरवी गटार तुंबलं तरी घराबाहेर न येणारी माणसं चौकात आली. बँकेतून निवृत्त झालेल्यांनी व्हॉट्सअॅपवरचे आपले फोटो काळे केले. शाळेच्या बाईंनी मुलांकडून 'आम्ही सारे भारतीय' म्हणवून घेतलं. हर्षदने बारा बाय आठचा फ्लेक्स करून घेतला. वर त्या पुढाऱ्याचा फोटो, त्याखाली लालभडक अक्षरात 'वंशद्वेषी वक्तव्याचा जाहीर निषेध! जनतेची माफी मागा!' आणि तळाला शुभेच्छुकांच्या जागी निषेधकर्त्यांची बावीस चेहऱ्यांची ती सुप्रसिद्ध ओळ. झोरामाला मशीनवरून उठवून तसाच शाईच्या शर्टात चौकात नेलं. महिला मंडळाच्या सुनंदाकाकूंनी टीव्हीवाल्यांसमोर त्याला राखी बांधली. हर्षदने त्याच्या गळ्यात हार घातला आणि माइकवर आवाज चढवून सांगितलं, "हा आमचा भाऊ आहे! ह्याच्याकडे बोट दाखवणाऱ्याचं बोट जागेवर राहणार नाही!"

झोरामा हार सांभाळत परत आला आणि अर्धवट राहिलेलं प्रिंट त्याने पूर्ण केलं. राखी मात्र त्याने बरेच दिवस हातावर ठेवली होती.

आणि आता, पालिकेच्या निवडणुकीची हवा तापत असताना, हर्षदच्याच पक्षाचे आमदार भाऊ मोरजकर एका सभागृहाच्या उद्घाटनात म्हणाले, "आपल्याकडे हे चपट्या नाकाचे लोक राहायला आले, एक बरं झालं. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुटला. नसबंदीचा खर्च वाचला!" सभागृह हसलं. पहिल्या रांगेत सुनंदाकाकू पदर तोंडाला लावून हसल्या. ती क्लिप फिरली तेव्हा ऑगस्टमध्ये तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले विरोधक दंडाला काळ्या फिती बांधून रस्त्यावर आले, आणि ऑगस्टमध्ये पेटलेल्यांनी आता संदर्भ शोधायला घेतला. पूर्ण भाषण ऐका. भाऊंचा स्वभावच मिश्कील. यात वंश कुठे आला, विषय कुत्र्यांचा होता. काळे झालेले फोटो आता गुलाबाच्या फुलांचे होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ज्याने काढली तो नक्की कुठल्या तरी वॉर्डात राहत असणार.

सपनाने झोरामाला हळूच विचारलं होतं, "क्लिप बघितली का?"

"देखा," तो म्हणाला. "काला रंग कम आ रहा है दीदी. हेड साफ करना पड़ेगा." आणि तो मशीनचं झाकण उघडून आत वाकला.

त्याच दिवशी हर्षदची ऑर्डर आली. भाऊ संध्याकाळी चौकातल्या ओपन जिमच्या उद्घाटनाला येणार होते, तिथे त्यांच्या समर्थनाचा फ्लेक्स हवा होता. 'भाऊ, आम्ही तुमच्यासोबत!' खाली तीच बावीस माणसं. सपनाने जुनी निषेधाची फाइल उघडली, विरोधी पुढाऱ्याला काढून भाऊंचा हसरा फोटो बसवून सेव्ह केला, मग मजकूर बदलला, हर्षदला मोबाइलवर नमुना पाठवला. त्याचा अंगठा आला. मग कॉम्प्युटर अडकला, बंद करून चालू करावा लागला. फाइल पुन्हा उघडली, भाऊंचा फोटो दिसला, ओळ दिसली, तिने छपाईला पाठवून दिली. बदललेला मजकूर सेव्ह झाला नव्हता. तिने वाचलं नाही. राजेशने वाचलं नाही. बांधायला नेणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रत्येकाने आपला चेहरा नीट आलाय ना एवढं पाहिलं आणि दुपारी तो फ्लेक्स चौकात चढवला.

साडेतीनच्या सुमारास राजेशचा फोन वाजला. तो ऐकत होता आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरत होता. बोलणं संपल्यावर त्याने मोबाइल सपनापुढे धरला. कोणीतरी चौकातून पाठवलेला फोटो होता. भाऊ मोरजकर हात जोडून हसताहेत, त्याखाली लालभडक 'वंशद्वेषी वक्तव्याचा जाहीर निषेध! जनतेची माफी मागा!' आणि तळाला त्यांचेच बावीस कार्यकर्ते, सगळ्यांत पुढे हर्षद.

सपनाने तो फोटो बोटांनी मोठा केला. खुर्चीची कड धरून तिने तो पुन्हा वाचला.

"फ्लेक्स उतरवला त्यांनी," राजेश म्हणाला. "पण फोटो सगळीकडे गेलाय. भाऊंपर्यंत पण. हर्षद येतोय पोरं घेऊन."

"राजेशदादा, मी सांगते त्याला. फाइल सेव्ह झाली नव्हती. चूक झाली."

राजेशने शटरकडे पाहिलं. गिरणी बंद पडल्यावर त्याच्या बापाने याच गाळ्यात झेरॉक्सचं मशीन टाकलं होतं. घाबरला की राजेश मालवणीवर यायचा. "गप रव," तो दबक्या आवाजात म्हणाला. "एक शब्द बोलू नको. तुका कळता काय? मी बोललो चूक झाली, तर ती चूक. तू बोललीस तर ते तुझं आडनाव बघतील. मुद्दाम केलं म्हणतील. तुमच्या वस्तीचा कट म्हणतील."

तिला कळत होतं. न कळायला काय झालं? भटवाडीत जन्म गेला होता. कोणीही 'पूर्ण नाव काय गं?' विचारलं की तो प्रश्न नावाचा नसतो, हे तिला पाचवीत असतानाच समजलं होतं. तिचे वडील धोंडिराम तिला पहिल्या नोकरीला जाताना म्हणाले होते, मोर्च्यात ओरडायचं तेवढं ओरड, कामावर मान खाली. तिला डोळ्यांसमोर आपली खोली दिसली, दारात बसून लसूण सोलणारी आई दिसली, आणि त्या दारासमोर उभी राहिलेली हर्षदची पोरं दिसली.

हर्षद आला तो चौघांना घेऊन. त्याचा चेहरा रागाने लाल असेल असं तिला वाटलं होतं, पण तो पांढराफटक होता. त्याचीही पाचावर धारण बसली होती. निषेधाच्या ओळीत सगळ्यांत पुढे त्याचाच चेहरा होता आणि तिकीटवाटप व्हायचं होतं.

"कोणी केलं हे?" त्याने विचारलं. "परब, नाव सांग. भाऊ पाचला येताहेत. मला त्यांच्यासमोर माणूस उभा करायचाय."

"अरे हर्षद, टेक्निकल झालं काहीतरी..."

"टेक्निकल? मी त्यांना टेक्निकल सांगू? म्हणजे मी न वाचता चढवला म्हणून सांगू?" त्याची नजर सपनावरून पुढे गेली आणि मशीनवर थांबली. "तो बहादूर कुठाय?"

राजेश टेबलावरची बिलं सारखी करू लागला. झोरामाने केलं असं तो म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही. हर्षदला तेवढं पुरलं.

"त्यानेच! मनात ठेवलं साल्याने. भाऊ काहीतरी गमतीत बोलले, ह्याने डूख धरला." हर्षदच्या चेहऱ्यावर रंग परत येताना सपनाला दिसला. "मला आधीच कळायला हवं होतं."

"त्याला वाचता येत नाही," सपना म्हणाली. म्हणजे तिला म्हणायचं होतं. ओठ तेवढे हलले. तिने मोबाइल टेबलाखाली धरला आणि 'मत आना' एवढं लिहिलं, पण पाठवायच्या आधीच स्कूटरचा आवाज आला. झोरामा विक्रोळीला माल पोचवून परत आला होता. हेल्मेट काढत तो आत आला, हर्षदला पाहून नेहमीसारखं हसला, आणि म्हणाला, "नमस्ते भैया."

पहिली थप्पड त्या नमस्तेवरच पडली. हेल्मेट हातातून सुटून गडगडत सपनाच्या पायाशी आलं. काय झालं हे त्याला कळेना. तो एकदा राजेशकडे, एकदा सपनाकडे पाहत होता. त्याला दोन पोरांनी धरलं, तिसऱ्याने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. "बोल, किसने बोला था? पैसा किसने दिया?" झोरामा म्हणत होता, "क्या किया मैंने? भैया, क्या किया?" त्याला घेऊन गेले तेव्हा त्याचा एक बूट दुकानाच्या पायरीवर राहिला.

"दोन कानाखाली खाईल नि विषय संपेल," राजेश म्हणाला. तो तिच्याकडे पाहत नव्हता. "त्याचं इथे कोण आहे विचारायला? तुझं तसं नाही. सगळ्यांचंच वाटोळं झालं असतं."

सपना बूट उचलून उभी राहिली. खरं सांगायचं तर ती कुठल्या धाडसाने निघाली नाही. घरी जावं, दार लावून घ्यावं, आईच्या शेजारी बसून लसूण सोलावा, असं तिला पोटातून वाटत होतं. पण घराचा रस्ता चौकावरून जात होता. रस्ताभर ती स्वतःला समजावत होती, की मी बघते फक्त, लांबून बघते, जास्त काही झालं तर बोलते. आणि जास्त म्हणजे किती, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

चौकात मांडव होता, नव्या जिमच्या सायकलींना फुगे बांधले होते. ऑगस्टचीच सगळी माणसं. बँकवाले काका, शाळेच्या बाई, महिला मंडळ. स्टेजच्या कडेला झोरामाला कान धरून उभा केला होता. डावा गाल सुजून डोळ्याला लागला होता, एका पायात बूट नव्हता. लोक पुढे होऊन फोटो काढत होते. कोणीतरी कुत्र्यासारखं भुंकलं आणि मागची पोरं फिदीफिदी हसली.

सुनंदाकाकू तिला पाहून सरकल्या आणि जागा केली. "ये गं. बघितलंस ना? हे लोक असेच. तोंडावर गोड, मनात ठेवतात."

"काकू, तुम्ही त्याला राखी बांधली होती."

"बांधली ना. तेव्हा वेगळं होतं." काकू क्षणभर गोंधळल्या, मग त्यांना राग आला. "आणि मी राखी बांधली तर त्याने ती जपायला नको? आता तूच सांग."

भाऊ आले. फटाके झाले, नारळ झाला. हर्षदने माइकवर सांगितलं, की फ्लेक्समध्ये घातपात करणारा सापडला आहे आणि तो सगळ्यांसमोर माफी मागणार आहे. झोरामापुढे माइक धरला. त्याने भाऊंकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. अजूनही त्याला नक्की काय झालं ते कोणी समजावून सांगितलं नव्हतं. "गलती हो गया," तो म्हणाला. "माफ कर दो. मेरा छोटा बच्ची है."

भाऊंनी हसून हात वर केला. "सोडा रे त्याला. आम्ही कोणावर राग धरत नाही. माफ केलं!" केवढ्या टाळ्या पडल्या! ज्याने शिवी दिली त्याने माफ केलं आणि ज्याने खाल्ली त्याने कान धरले, आणि त्या अख्ख्या चौकात कोणाला त्यात काही उलटं वाटलं नाही. पण हर्षदचं समाधान झालं नव्हतं. त्याने झोरामाची मान धरून खाली दाबली. "पाय धर. पाय धर भाऊंचे."

झोरामा वाकेना. एका पोराने त्याच्या गुडघ्यामागे लाथ घातली. तो हातांवर पडला, आणि मागची पोरं पुन्हा भुंकली.

आपण कधी चालू लागलो हे सपनाला कळलंच नाही. माणसं बाजूला होत गेली, स्टेजच्या पायऱ्या आल्या, हातात अजून बूट होता. हर्षदने तिला अडवायच्या आत ती माइकपाशी पोचली होती.

"भाऊ, त्याने नाही केलं," ती म्हणाली. तिचा आवाज कर्ण्यातून बाहेर पडून समोरच्या इमारतीवर आपटला आणि ती स्वतःच दचकली. "त्याला वाचता येत नाही. डिझाइन मी केलं. फाइल सेव्ह झाली नव्हती, मी वाचलं नाही. चूक माझी आहे. मला माफ करा, भाऊ."

हर्षदच्या जबड्याची शीर उडताना तिला दिसली. भाऊंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग माइकवर हात ठेवून, आवाज खाली आणून, अगदी मायेने विचारलं, "पूर्ण नाव काय, बाळा?"

तिला वाटलं, संपलं. खोटं सांगावं असंही एक क्षण मनात आलं. "सपना धोंडिराम इंगळे."

"कुठे राहतेस?"

तिने वस्तीचं नाव सांगितलं. भाऊंची नजर क्षणभर तिच्यावरून निघून लांब कुठेतरी गेली. हर्षद कानाशी लागला, त्याला त्यांनी नुसत्या भुवईने गप्प केलं. मग ते पुन्हा हसले आणि माइकवरचा हात काढला.

"याला म्हणतात संस्कार!" भाऊ गरजले. "चूक कोणाकडून होत नाही? पण भर चौकात कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. ही आपल्या वस्तीतली आपली लेक आहे. इंगळेताईंसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. सुनंदाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. हर्षदने, ज्या हाताने झोरामाची मान दाबली होती त्याच हाताने, सपनाच्या हातात गुलाबांचा गुच्छ दिला. फोटोसाठी जागा हवी म्हणून कोणीतरी झोरामाला बखोट धरून स्टेजवरून खाली उतरवला. भाऊंचा हात तिच्या खांद्यावर होता आणि समोर मोबाइल उंचावलेले होते. सपनाला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. मार पडला असता तर कळलं असतं की काय झालं. हे काय होतं? तिच्या वस्तीतली मतं आज कोणीतरी मनात मोजली होती आणि ती पुरेशी भरली होती, एवढंच तिला समजत होतं. उद्या दुसऱ्या कुणी मोजली तर?

सुटका झाली तशी ती स्टेजच्या मागे धावली. झोरामा जनरेटरच्या आडोशाला उकिडवा बसून बाटलीतलं पाणी गालाला लावत होता. तिने बूट त्याच्यापुढे ठेवला. तो त्याने पायात घातला, नाडी बांधली. गाठ दोनदा सुटली.

"मी सांगितलं ना त्यांना," सपना म्हणाली. तिला धाप लागली होती. "सगळ्यांसमोर सांगितलं. दुकानात बोलायला हवं होतं, मला भीती वाटली, पण आता सगळ्यांना कळलं की तू नाही केलंस."

"सुना मैंने," झोरामा म्हणाला.

"मग? तू काही बोलत का नाहीस?"

तो मांडवाचा खांब धरून उभा राहिला. एक डोळा पुरता मिटला होता, दुसऱ्याने त्याने तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आपने भी सॉरी उसको ही बोला, दीदी," तो म्हणाला आणि लंगडत असल्फ्याच्या रस्त्याला लागला. सपना हातात गुच्छ घेऊन तिथेच उभी राहिली.